आलं का?

रामकिसनभाऊंची पिवळी बस हल्ली कुठल्या बाजारात उभी असते, हे मला विचारण्यात अर्थ नाही. तरी सविता विचारते. सविता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, किनवटला दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी तिचा फोन येतो, "इठ्ठलकाका, बाबा दिसले का जी कुठं?" मी म्हणतो, "नाई बाई, मी बाजार करनं सोडलं ना आता." ते खोटं नाही. कंबरेने दगा दिला तेव्हापासून मी आदिलाबादच्या दुकानात बसून रेडिमेड कपडे विकतो. आठवडी बाजारांतली धूळ आणि फटफटीवरची गाठोडी सुटली. पण एक गोष्ट काही सुटली नाही. दिवे लागायच्या वेळेला शेजारचा दुकानदार नोकराला सहज ओरडून विचारतो, "पार्सल आलं का रे?" आणि माझ्या अंगावर सरसरून काटा येतो.

रामकिसनभाऊ भांडीवाले. भीमपूर, नार्नूर, बाजारहत्नूर, पलीकडे नदी ओलांडून महाराष्ट्रातले दोन-चार बाजार, आणि हिवाळ्यात जत्रा, असा त्यांचा फेरा. माझं कपड्यांचं पालही बहुतेक त्यांच्याच बाजूला पडायचं. एका शाळेने मोडीत काढलेली बस त्यांनी घेतली होती. निम्म्या बसमध्ये पातेली, पराती, तवे, कढया. उरलेल्या निम्म्यात संसार. दोन फळ्यांची झोपायची जागा, एक शेगडी, एक देव्हारा आणि एक टीव्ही. मागच्या बाजूला शाळेचं नाव पुसलं होतं, तरी तेलुगू अक्षरं उन्हात हळूच वर यायची. भाऊ म्हणायचे, "गाडी शाळा शिकलेली हाय बाप्पा, आमीच तेवढे राह्यलो."

माणूस उंच, खांद्यात किंचित वाकलेला. बसच्या छताला डोकं आपटून आपटून तो वाक आला असावा. भांडं विकायची त्यांची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईक चकाकी बघायचं, भाऊ भांडं उचलून बोटाच्या गाठीने वाजवायचे आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी धरायचे. "आयक. भांडं डोयानं नाई, कानानं घ्यावं." बायका हसायच्या, पण कान द्यायच्या. घासाघीस कितीही झाली तरी भाऊंचा आवाज चढत नसे. चढायचा तो फक्त संध्याकाळी, आणि तोही बायकोवर.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे गोदाक्का म्हणायचो. सुपारीएवढी बाई आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला तिने नाक शिंकरलं तर त्या टोकाला बैल बुजावा. नवरा-बायको दिवसभर एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. भांडण नव्हतं, बोलायला काही उरलं नव्हतं इतकंच. बोलायचे ते संध्याकाळी, डिश लावताना.

खेड्यापाड्यात केबल असली तरी तिच्यावर तेलुगू. गोदाक्काला तेलुगू फाडफाड यायची, पण तिचं म्हणणं ठरलेलं होतं: "दिवसभर बाजारात तेलुगूच बोलते ना मी. संध्याकायी तरी आपल्या बोलीत रडू द्या." म्हणून भाऊंनी डिश घेतली. जुन्या चाकाच्या रिमात पाइप वेल्ड करून तिला पाय दिला. बाजार बदलला की डिश उतरवायची, टेकवायची आणि परत आभाळातला उपग्रह शोधायचा. भाऊ बाहेर डिशला धरून, गोदाक्का आत टीव्हीसमोर. मग सारा बाजार आवराआवर करता करता ऐकायचा.

"आलं का?"

"नाई आलं! अजून जरासं फिरवा!"

"आता आलं का?"

"आलं! आलं! ...गेलं! काय वो, हात हाय का खुरपं? अजून जरासं!"

सात वाजता तिची मालिका असायची. थोरल्या सुनेची मालिका, एवढंच नाव आम्हा पुरुषांना ठाऊक. त्या सुनेवर घरातले दागिने चोरल्याचा आळ आला होता, आणि तो आळ काही केल्या जात नव्हता. गोदाक्का चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी सकाळी परत दाखवतात तो बघत नसे. "शिळं हाय थे," म्हणायची. फोनवर बघण्याचं कुणी सुचवलं तर तिचं उत्तर, "हातात मावते एवढ्या बाईचं दुख मी काय पाहू?"

ती गेली तापाने. कापूस घरात येत होता, बाजार भरात होते, आणि ही बाई दवाखान्यात पडलेली. मी भेटायला गेलो तर मला ओळखलं, माझ्या घरचं विचारलं, आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आळ गेला का वो तिचा?" भाऊ म्हणाले, "नाई गेला अजून. तू बरी हो, मग पाहू." ती बरी झाली नाही.

दहावा पैनगंगेच्या काठी केला. मी होतो. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे भरपूर. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एकही खाली उतरेना. आता ही रीत सगळ्यांना माहीत आहे: कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलंय, ते ओळखायचं आणि वचन द्यायचं. मग वचनांची रांग लागली. जावई म्हणाला, सविताला कधी अंतर देणार नाही. कावळे ढिम्म. भाऊंचा भाचा म्हणाला, मामाला मी पाहतो. कावळ्यांनी पंखसुद्धा हलवला नाही. कुणी तिच्या पाटल्यांचं बोललं, कुणी घरावरच्या पत्र्यांचं. ऊन डोक्यावर आलं. भटजींना पुढे आणखी एक दहावा होता, ते दर्भाचा कावळा करू म्हणू लागले. तेव्हा भाऊ पुढे झाले, पिंडासमोर उकिडवे बसले आणि डिश लावताना लावायचे तो आवाज लावून ओरडले, "गोदे! तुही मालिका दाखवतो तुले! शेवटापर्यंत दाखवतो! एकबी भाग चुकू देत नाई!"

मला हसू आलं. खरं सांगतो, ओठ चावून धरले. आणि त्याच क्षणी बाभळीवरून एक कावळा सुटला, सरळ आला, पिंडाला चोच लावली आणि गेला.

हसू कुठल्या कुठे पळालं. भटजींनी हात जोडले आणि भाऊंना बजावलं, "आता वचन पाळा. इच्छा पुरी झाली की ती मोकळी होईल, तोवर इथंच घुटमळेल." भाऊंनी मान डोलावली. त्या मालिका कधी संपत नसतात हे भटजींना कुठून ठाऊक असणार!

तर अशी गोष्ट सुरू झाली. दिवस उलटले आणि भाऊ परत बाजारात आले. पहिल्याच संध्याकाळी अडचण उभी राहिली. डिश फिरवायला ते होते, आतून सांगायला कुणी नव्हतं. डिश जराशी फिरवायची, धावत आत जायचं, टीव्ही बघायचा, परत बाहेर. धापा टाकत सात वाजून गेले. दुसऱ्याने आत बसायचं म्हटलं तर चालेना. मीच गेलो होतो विचारायला. "तिची जागा हाय," म्हणाले, एवढंच.

मग सविताने त्यांच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. फोन आभाळाकडे धरायचा. कॅमेऱ्यात आभाळ दिसतं आणि त्या आभाळात सगळे उपग्रह ओळीने ठिपक्यांसारखे दिसतात, दोरीवर वाळत घातल्यासारखे. आपला ठिपका सविताने ठरवून ठेवला होता. फोन बरोबर त्याच्यासमोर आला की ठिपका हिरवा होतो आणि फोन टिंग वाजतो. भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, पण हिरवं आणि टिंग कळायला ते लागत नाही.

त्यातही एक गंमत झाली. पहिले काही दिवस फोन रोज भलतीकडेच बोट दाखवायचा. भाऊ चक्रावले. मग त्यांचं त्यांनाच उमगलं. बसमध्ये आणि बसभोवती लोखंडाची रास: तवे, कढया, भाजी चिरायच्या पावश्या. त्याने फोनमधला दिशेचा काटा बहकत होता. "लोखंडाजवळ फोनबी खोटं बोलते," मला म्हणाले. तेव्हापासून ते बसपासून लांब मोकळ्यात जायचे, तिथे फोन आभाळाला लावायचे, टिंग वाजलं की त्या रेघेत कापसाच्या पऱ्हाटीची एक काडी रोवायचे, आणि परत येऊन डिशचं तोंड त्या काडीकडे करायचे. एवढं झालं की चित्र जवळजवळ लागलेलंच असायचं. पण तेवढ्यावर ते आत जात नसत. डिशला धरून बसच्या खिडकीकडे बघत विचारायचे, "आलं का?"

आणि थांबायचे. कुणीतरी उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे. मग मान हलवून आत जायचे.

बाजारात पहिल्यांदा लोक हसले. मग हसेनासे झाले. सातच्या सुमारास त्या बाजूचा गलबला आपोआप कमी व्हायचा. माझ्या पलीकडे बसणारी मिरच्यावाली बाई तर तेवढ्यापुरता पदर डोक्यावर घ्यायची.

नार्नूरकडे एकदा भलतंच झालं. भाऊ बाजाराबाहेरच्या शेतात फोन वर धरून पावलं टाकत होते, काडी रोवत होते. तिथल्या लोकांना वाटलं मोजणी आली. त्या भागात जमिनीची मोजणी म्हटलं की लोक हातातलं काम टाकून धावतात. बघता बघता पाच-पंचवीस माणसं जमली. कुणी तेलुगूत, कुणी मराठीत. कोणत्या दफ्तरातून आलात, कोणाच्या हुकमाने, पटवारी कुठं आहे. मी घाबरून धावलो. भाऊ शांत. त्यांनी सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला जवळ बोलावलं, फोन त्याच्या हातात दिला आणि त्याचा हात धरून आभाळाकडे उचलला. टिंग वाजलं. म्हाताऱ्याने आधी फोनकडे बघितलं, मग फोन बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी तिथेच आभाळात बघितलं. तिथे काही नव्हतं.

"तिथं कोन हाय?" त्याने विचारलं.

"आमच्या घरची," भाऊ म्हणाले.

म्हाताऱ्याने फोन दोन्ही हातांनी परत दिला. लोक निघून गेले. जाताना कुणी काडी उपटली नाही, वळसा घालून गेले.

परत येताना मी जरा रागावलोच. म्हटलं, "भाऊ, असं काऊन सांगतलं? थे टीवीचं यंत्र हाय आभायात."

"तुले मालूम हाय का डिशचं तोंड कुठं राह्यते?" त्यांनी उलट विचारलं. "दक्षिणेकडं. जराशी पूर्व धरून. आपन दक्षिणेकडं पाय करून निजतो का? नाई. दिव्याची वात करतो का? यमाच्या दिव्याची तेवढी करतो. अन् ही डिश पाह्य, रोज तिकडंच तोंड करून बसते. मी काई केलं नाई इठ्ठल. आधीपासूनच बराबर लागून राह्यली थे."

मी नास्तिक नाही, पण भोळाही नाही. धंदेवाला माणूस आहे. पण त्या वाक्यानंतर मी माझ्या घरच्या गच्चीवरच्या डिशकडे बरेच दिवस बघितलं नाही.

एकदाच त्यांच्याबरोबर मालिका बघितली. पावसाने मला अडकवलं होतं, माझी गाठोडी त्यांच्या बसमध्ये ठेवली होती. गोदाक्काची फळी झटकून ठेवलेली, तिच्यावर घडी घातलेलं लुगडं, समोर पाण्याचा भरलेला गडू. मी उपड्या पातेल्यावर बसलो, भाऊ खाली. मालिका सुरू झाली आणि भाऊ बोलू लागले, माझ्याशी नव्हे. "हा तो वकील. परवा आल्ता ना, तोच... धाकटीचं तोंड पाह्य कसं झालं..." हळू आवाजात, कौतुकाने. ती जिवंत असताना तिच्याशी इतकं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मग जाहिराती लागल्या आणि मागच्या अंधारात एकावर एक रचलेली भांडी किणकिणली. अगदी बारीक, बांगड्या वाजाव्यात तशी. वारा नव्हता. बस थंड उभी होती. मी भाऊंकडे बघितलं.

"जाहिरात लागली का तिले करमत नाई," ते म्हणाले.

पावसात भिजत मी माझी गाठोडी उचलली आणि चालता झालो. भ्यालो होतो, यात लपवायचं काय? पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मनात बसलं. माझी बायको घरी माझी वाट बघत होती आणि तिच्याशी बोलायला माझ्याकडे एवढं काही नव्हतं.

सविता मात्र कष्टी होती. म्हातारा बाप एकटा बसमधून फिरतो, आजारी पडला तर पाणी द्यायला कुणी नाही. ती बोलावून बोलावून थकली. भाऊंनी तिला एकच शब्द दिला होता, "मालिका संपली का येतो. बस इकून टाकतो अन् येतो." ती बिचारी मालिका संपायची वाट बघायची. आणि मालिका तर अशी की थोरल्या सुनेचा आळ गेला, तेव्हा तिची स्मरणशक्ती गेली. ती आली, तेव्हा नवरा परागंदा झाला. पण सगळ्याला शेवट असतो. एक दिवस पडद्याखाली पट्टी आली: शेवटचे काही भाग.

भाऊंचा चेहरा उतरला तो तिथून. गिऱ्हाइकाच्या कानाशी भांडं धरायचे आणि वाजवायचं विसरायचे. बाजार आवरताना माझ्याकडे येऊन बसले. बराच वेळ सुपारी कातरत राहिले, खाल्ली नाही.

"इठ्ठल, शेवटापर्यंत दाखवतो म्हनलं ना मी तिले?"

"हौ. म्हनलं."

"शेवट झाला मंजे थे मोकयी होते?"

"भटजी तर तसंच म्हनले."

"मंग जाते थे."

मी म्हटलं, "चांगलंच हाय ना भाऊ. किती दिस घुटमळन ती? तिचाबी जीव सुटू द्या." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी एखादं गळकं पातेलं त्यांच्या गळ्यात मारतोय.

"मी काऊन शेवटापर्यंत म्हनलो रे?" एवढंच बोलून उठून गेले.

शेवटच्या भागाच्या दिवशी आम्ही बाजारहत्नूरला होतो. सविताचा दुपारी मला फोन. "काका, आज बाबाजवळ बसा जी. उद्या सकायी आमी गाडी घेऊन येतो, त्यायले घेऊन जातो. खोली सारवून ठेवली मी." आवाजात आनंद आणि रडू दोन्ही होतं. मी हो म्हटलं.

दिवेलागणीला गेलो तर बस लखलखत होती. भाऊंनी भांडी पुसून ठेवली होती, देव्हाऱ्यात दिवा लावला होता, लुगड्यावर शेवंतीची वेणी ठेवली होती. मला म्हणाले, "तू आत बस. आज कोनी तरी आत पाह्यजे." मी फळीला हात न लावता पातेल्यावर बसलो. खिडकीतून ते दिसत होते. मोकळ्यात गेले, फोन आभाळाकडे धरला. टिंग ऐकू आलं. पऱ्हाटीची काडी रोवली, परत आले, डिशचं तोंड काडीकडे केलं. सगळं रोजच्यासारखं, सवयीच्या हाताने. पडद्यावर आधी चौकटी थरथरल्या आणि मग लख्ख चित्र आलं. मालिकेचं शीर्षकगीत सुरूच झालं होतं.

"आलं!" मी ओरडलो. "भाऊ, आलं!"

त्यांनी ऐकलं. ऐकलं हे मला नक्की माहीत आहे, कारण त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या रिकाम्या फळीकडे. त्यांचे दोन्ही हात डिशवर होते. आत थोरली सून उंबरठ्यावर उभी होती, हातात ओवाळणीचं ताट. बाहेर बाजाराचा गलबला सवयीने कमी झाला होता. मिरच्यावालीने पदर घेतला होता.

मग भाऊंनी डिश फिरवली. घसरली नाही, वारा नव्हता. दोन्ही हातांनी धरून, मुंगीच्या पावलाने, काडीपासून लांब फिरवली. ताटातली ज्योत चौकटी-चौकटींनी फुटली, सुनेचा चेहरा फुटला, आणि पडदा निळा झाला.

सगळं माझ्या ध्यानात आलं. उद्या येणारी गाडी, सारवलेली खोली, दहाव्याचं वचन, सगळं. ओरडून सांगावं, भाऊ, होतं तिथं आणा, असं जिभेवर आलं होतं. आणि माझ्या मागे, अंधारात, भांडी बारीक किणकिणली.

"आलं का?" भाऊंनी बाहेरून विचारलं.

मी निळ्या पडद्याकडे बघितलं, शेजारच्या लुगड्याकडे बघितलं.

"नाई आलं, भाऊ," मी ओरडलो. "अजून जरासं फिरवा."